पुल्पितोवरचे दोनशे बारा

लिब्रादो ओहेदा हल्ली आमिषाच्या शेडमध्ये बसतो. शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. समुद्रावरचा वारा तिन्ही बाजूंनी आत येतो. उलट्या घातलेल्या पेटीवर तो डावा पाय लांब सोडून बसतो, कारण डावा खुबा आता वाकत नाही. पुढ्यात लाकडाचा ओंडका, हातात रुंद सुरी. शेवंडीच्या पिंजऱ्यांत घालायचे मासे चिरून सकाळी टब भरून ठेवायचे, एवढं त्याचं काम. ज्या पाणबुड्याचं शरीर थकतं त्याला संस्था हे काम देते. लिब्रादोचं शरीरही थकलेलं आहे. पण त्याला हे काम त्या कारणानं मिळालेलं नाही, आणि ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

एल कांदेलेरो या आमच्या किनाऱ्यावरच्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेत मी एकतीस वर्षं सचिव आहे. एन्सेनादा शहरात वाणिज्य शाखेत शिकलो, एका वर्षासाठी म्हणून इथं आलो आणि राहिलो. येत्या डिसेंबरात निवृत्त होईन. सभांची सगळी इतिवृत्तं माझ्या हातची आहेत. लिब्रादोबद्दल मी जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं तिथंही सापडेल. पण इतिवृत्तात सूचक, अनुमोदक आणि ठराव एवढंच असतं.

माझ्या मोठ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला. तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. हे नातं व्याह्यांसारखं असतं, फक्त यात रुसवेफुगवे नसतात.

त्याचा बाप डोंगरातला, शेळ्या राखणारा. सलग तीन वर्षं पाऊस झाला नाही, शेळ्या मेल्या, तेव्हा तो खाली किनाऱ्यावर आला आणि मरेपर्यंत पाण्याला घाबरला. लिब्रादो मात्र एकोणिसाव्या वर्षी पाण्यात उतरला आणि एक्केचाळीस वर्षं उतरत राहिला. आमच्याकडे एका होडीवर तिघं असतात. एक पाणबुड्या. दुसरा कॉम्प्रेसर आणि इंजिन सांभाळणारा. पाणबुड्याला श्वास नळीतून तो पुरवतो. तिसरा दोरीवाला. पाणबुड्याच्या कमरेची दोरी दिवसभर याच्या हातात असते. एक झटका म्हणजे नळी सोड, दोन म्हणजे पिशवी भरली, वर ओढ, तीन म्हणजे मला ओढ. दोरीवाला शक्यतो घरचाच घेतात. लिब्रादोची दोरी त्याचा मेव्हणा फिदेन्सिओ धरायचा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून.

लिब्रादो काढायचा अबुलोन. एकाच शिंपल्याचा हा जीव खडकाला पोटानं चिकटून बसतो. त्याला चाहूल लागायच्या आत लोखंडी पट्टी खाली सारून एका झटक्यात उचलावं लागतं. आधी बोट लागलं तर तो असा घट्ट बसतो की शिंपला फुटेल पण जीव सुटणार नाही.

"बायकोच्या रागासारखं आहे," लिब्रादो म्हणायचा. "आधी खबर लागली की मग सुटत नाही."

त्याची बायको एर्मेलिंदा चुलीवर रोट्या भाजताना मागं न बघता म्हणायची, "माझा राग संध्याकाळपर्यंत सुटतो. तुझाच खुब्यात जाऊन बसलाय."

खुब्याचं दुखणं पाण्यातलंच. खोलातून घाईनं वर येणाऱ्यांचे सांधे असेच धरतात.

प्रत्येक होडीचा एक खडक ठरलेला असे. लिब्रादोचा खडक पुल्पितो. किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, पाण्याखाली सहा वाव. वरून सपाट, बाजूंनी कपारी. मी स्वतः कधी बुडी मारली नाही, पण होडीतून वाकून पाहिलं आहे. तळापासून पृष्ठभागापर्यंत सारगासो या समुद्री शेवाळाचं रान उभं असायचं, ताडाच्या उंचीचं, पिवळट तपकिरी, लाटेबरोबर एका अंगाला झुकणारं. होडी त्यात शिरली की इंजिन बंद करून वल्ही मारावी लागत. त्या रानाची पानं गळून खाली पडतात आणि अबुलोन ती खातो. तो अन्नाच्या मागं जात नाही. जागेवर बसून राहतो आणि वरून पडेल ते पकडतो. चांगल्या वर्षात पुल्पितोवरून हंगामाला सहा-सात हजार अबुलोन निघत.

लिब्रादोचं पाण्यात एकाच जिवाशी वैर होतं. त्या माशाला आम्ही म्हातारी म्हणतो, कारण त्याची हनुवटी पांढरी असते आणि दात पुढं आलेले. लहानपणी सगळ्या माद्या, रंगानं गुलाबी. वाढता वाढता त्यांतली थोरली नर होते, डोकं आणि शेपूट काळं पडतं, मध्ये लाल पट्टा राहतो. तिचे दात दगडासारखे. लिब्रादोनं अबुलोन उचलला की पिशवीत जायच्या आत म्हातारी येऊन लचका तोडायची. वर आल्यावर त्याची तक्रार ठरलेली: "आज पुन्हा म्हातारीनं माझ्या ताटातलं खाल्लं."

दोन हजार तीन साली शेवंडीच्या हंगामात डोंगरात ढगफुटी झाली आणि नदीच्या पात्रातला रस्ता वाहून गेला. पिंजऱ्यांसाठी बांगडा घेऊन येणारी मालमोटार नऊ दिवस आली नाही. पिंजरे रिकामे, शेवंड येईना. तिसऱ्या दिवशी लिब्रादो भाला घेऊन पुल्पितोवर उतरला आणि त्रेचाळीस म्हाताऱ्या मारून आला. त्यांचे तुकडे पिंजऱ्यांत घातले. दुसऱ्या दिवशी पिंजरे वर ओढताना माणसं अक्षरशः ओरडत होती. बांगड्यावर कधी इतकी शेवंड आली नव्हती.

त्या महिन्याच्या सभेत ठराव झाला: संस्थेच्या हद्दीतील म्हातारी मासा आमिष म्हणून वापरण्यास सभासदांना मुभा असावी. सूचक लिब्रादो ओहेदा, अनुमोदक फिदेन्सिओ. ठराव बिनविरोध. सभेनंतर लोकांनी लिब्रादोला खांद्यावर घेतलं होतं. एका म्हाताऱ्या कोळ्यानं तेवढं विचारलं, "अरे, सगळ्या मारल्यात तर?" त्यावर लिब्रादो म्हणाला होता, "म्हाताऱ्या कधी संपल्यात का? तुमच्याच घरात तीन आहेत." सगळे हसले. मीही हसलो.

अकरा वर्षं ते चाललं. तो आधी मोठे नर मारायचा. मग त्यांच्या जागी काळ्या पडणाऱ्या थोरल्या माद्या. मग उरतील त्या. शेवटी शेवटी तो म्हणायचा, "हल्ली ताटात हात घालायला कुणी येत नाही." हे तो खुशीत सांगायचा.

दोन हजार चौदाला पाणी तापलं. आमचं पाणी थंड, पाणबुड्याचे ओठ निळे करणारं. त्या वर्षी ते कोमट झालं आणि दोन वर्षं कोमटच राहिलं. सारगासो एका शरद ऋतूत कुजून गेला. किनाऱ्यावर त्याचे ढीग लागले, माश्या घोंगावल्या. पुढं पाणी पुन्हा थंड झालं आणि दक्षिणेकडच्या दोन खडकांवर रान परत आलं. पुल्पितोवर आलं नाही.

लिब्रादो खाली जाऊन आला आणि होडीच्या काठावर बसला. फिदेन्सिओनं विचारलं, "काय आहे खाली?"

"एरिसो."

"किती?"

"खडक दिसत नाही."

एरिसो म्हणजे खडकावरचा काटेरी, गोळ्यासारखा जीव. लाल मोठा असतो तो आम्ही विकायला काढतो. हा जांभळा, मुठीएवढा, कुणी घेत नाही. उपाशी एरिसो मरत नाही. आत काही नसतं, नुसतं कवच आणि काटे. तरी तो वर्षानुवर्षं बसून राहतो आणि सारगासोचा जो कोंब खडकातून वर येईल तो खातो. अबुलोनच्या वाट्याला मग एक पानही येत नाही. लिब्रादोनं त्या दिवशी दोन अबुलोन आणले होते. शिंपला वीतभर, आत मांस वाळलेल्या जिभेएवढं. "पट्टी लागली नाही," तो मला म्हणाला. "नुसता हात लावला, निघाले. धरायचंही बळ नाही त्यांच्यात."

त्याच उन्हाळ्यात विद्यापीठातून हिमेना नावाची मुलगी आली. जीवशास्त्र शिकलेली, पोहण्यात तरबेज, आणि प्रश्न विचारताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहणारी. संस्थेच्या ओट्यावर कॉफी पिताना तिनं लिब्रादोला विचारलं, "काका, इथं एरिसो कोण खातं?"

"कोण खाणार? जांभळ्याला गिऱ्हाईक नाही."

"माणसं नव्हे हो. पाण्यातलं कोण?"

"शेवंड खाते. बारीक बारीक असतात ते."

"आणि मोठे?"

लिब्रादोनं कपातली कॉफी हलवली. उत्तर त्याला ठाऊक होतं. खडकावर काटेरी कवचं कडाकड फोडणारे जबडे त्यानं शंभर वेळा पाहिले असतील.

"म्हातारी खाते," शेवटी म्हणाला.

"मग त्या कुठं आहेत? मला चार दिवसांत एक दिसली नाही."

फिदेन्सिओ मोठ्यानं हसला. "पिंजऱ्यात गेल्या, बाई. तुकडे तुकडे होऊन. आमच्या मेव्हण्याला विचारा, खांद्यावरून मिरवणूक निघाली होती त्याची."

लिब्रादो उठून गेला. कप तसाच राहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यानं माझ्याकडून संस्थेच्या कोठीतला जड हातोडा नेला. होडीला काम नसेल त्या दिवशी तो पुल्पितोवर जायचा, खाली उतरायचा आणि एरिसो फोडायचा. दिवसाला आठशे, नऊशे. खुबा दुखायचा, तरी चार-चार तास. फिदेन्सिओ दोरी धरून बसायचा आणि गावात येऊन थट्टा करायचा, "माझा मेव्हणा समुद्र झाडायला निघालाय. मी विचारलं किती मारलेस, म्हणाला नऊशे. म्हटलं उरले किती, तर म्हणाला, उरले."

पण तो जायचा. दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार?

तिसऱ्या वसंतात लिब्रादो आमच्या घरी आला. माझ्या बायकोनं पुढं ठेवलेली घेवड्याची उसळ आणि रोटी त्यानं निम्मी खाल्ली. फुटबॉलच्या मैदानाच्या पाव भागाएवढा तुकडा त्यानं साफ केला होता आणि त्यावर सारगासो आला होता, पुरुषभर उंच.

"कोंपाद्रे," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या आल्या."

"कोण?"

"म्हाताऱ्या. पाच. लहान आहेत, अजून गुलाबी. रानाच्या कडेला फिरतात. परवा एकीनं माझ्या हातोड्याखालचा एरिसो पळवला." तो हसला. "आता पुन्हा ताटात हात घालायला लागल्या."

गेल्या दहा वर्षांत त्याला एवढा आनंदी मी त्याच एका दिवशी पाहिला. त्याला एकच हवं होतं. तो पाण्यातून कायमचा वर येण्याआधी पुल्पितो पाच-सात वर्षं कुणी हात न लावता राहावा. म्हाताऱ्या वाढाव्यात, त्यांतली थोरली काळी पडावी, हातोडा त्याच्याऐवजी त्यांनी चालवावा.

इथं मला माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. हंगामाआधी प्रत्येक पाणबुड्या आपल्या खडकावरचे अबुलोन मोजतो आणि सभेत उभा राहून आकडा सांगतो. तो आकडा कुणी तपासत नाही, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. खाली त्याचेच डोळे गेलेले असतात. पाणबुड्याचा शब्द ही आमच्याकडची सर्वांत मोठी गोष्ट आहे. पूर्वी हे आकडे तोंडी राहत आणि भांडणं होत, म्हणून दोन हजार दहामध्ये मी एक तक्ता तयार केला. त्यात दोन रकाने. पाचशे किंवा जास्त अबुलोन असतील तो खडक 'चालू', त्याच्यावर त्या होडीनं अबुलोन काढायचे. पाचशेच्या खाली तो 'मृत', आणि मृत खडक सर्वांना मोकळा: उरलेले अबुलोन, शेवंड, मासे, ज्याला जे मिळेल ते. तक्ता सुटसुटीत होता. सभेनं माझं कौतुक केलं होतं.

म्हाताऱ्या परत आल्यावर लिब्रादोनं एकदा सभेत विषय काढला की पुल्पितोला काही वर्षं विश्रांती द्यावी.

"खडकाला सुट्टी?" मागून कुणी ओरडलं. "खडक काय लग्नाला चाललाय?"

"म्हाताऱ्या मारायला तूच शिकवलंस, लिब्रादो. आता त्यांचाच वकील झालास?"

तो खाली बसला. विषय इतिवृत्तात आला नाही, कारण अनुमोदक मिळाला नाही. फिदेन्सिओ त्या वेळी चपलेतला खडा काढत होता.

त्या वर्षी पुल्पितोचा आकडा सहाशे चाळीस होता. पुढच्या नोव्हेंबरात, मोजणीच्या सभेच्या सकाळी, लिब्रादो माझ्या टेबलाशी आला. केस ओले, टोपी हातात.

"कोंपाद्रे, तुझ्या त्या कागदात तिसरा रकाना नाही का?"

"कसला?"

"की, आहे, पण हात लावायचा नाही."

"तो सभेनं ठरवायला हवा. मी कसा घालणार?"

"बरोबर," तो म्हणाला. "मग किती सांगू?"

"जेवढे असतील तेवढे सांग."

सभेत त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उभा राहिला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "पुल्पितो. एक हजार नऊशे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातोड्याचं फळ, असं कुणी म्हणालं. अबुलोनला काढण्याजोगा व्हायला आठ वर्षं लागतात हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. एका वर्षात सहाशे चाळीसचे एकोणीसशे होत नाहीत. पण पाणबुड्यानं सांगितलेला आकडा तपासायचा नसतो, आणि वाईट वर्षांनंतर चांगला आकडा कुणाला नको असतो? मी आकड्यांचाच माणूस. मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. मी 'चालू' च्या रकान्यात १९०० लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

त्याचा हिशेब साधा होता. चालू खडकावर फक्त त्याची होडी जाणार. तो जाईल, काही काढणार नाही, कधी पाणी गढूळ होतं म्हणेल, कधी लाट होती म्हणेल. एक हंगाम निघेल. पुढचं पुढं.

जानेवारीत हंगाम सुरू झाला. पहिल्या आठवड्यात पुल्पितोवरून काही आलं नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्या आठवड्यात समुद्र काचेसारखा शांत होता, सगळ्या होड्या भरून आल्या आणि लिब्रादोची पिशवी कोरडी. गावात कुजबुज सुरू झाली. आमच्या किनाऱ्यावर बाहेरचे चोर अबुलोनसाठी येतात. त्यांच्यावर नजर ठेवायला संस्थेची माणसं दुर्बीण घेऊन टेकडीवर बसलेली असतात. आपल्यातलाच कुणी चोरांना माल देतो हा इथला सर्वांत मोठा गुन्हा, त्याला माफी नाही. रोट्यांच्या दुकानासमोरच्या रांगेत एका बाईनं एर्मेलिंदाला विचारलं, "तुझ्या नवऱ्याचे अबुलोन पोहायला शिकले म्हणे? रातोरात दुसरीकडं गेले?"

एर्मेलिंदा रोट्या न घेता घरी आली. तिनं लिब्रादोला काय विचारलं ते मला माहीत नाही. ती त्यानंतर महिनाभर दुकानात गेली नाही एवढं माहीत आहे. रोट्या घरीच भाजायची.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर, विशेष सभा भरली. विषय एकच. अध्यक्ष लिब्रादोबरोबर लहानाचे मोठे झालेले. त्यांना बोलणं जड जात होतं.

"लिब्रादो, तू एकोणीसशे सांगितलेस. पाच आठवडे झाले. एकही आलेला नाही. माल कुठं गेला?"

लिब्रादो उभा होता, टोपी दोन्ही हातांत धरून.

"कुणाला दिलास?"

गप्प. मागं आवाज वाढले. "काढून टाका!" "आधी नावं सांगायला लावा!" मला वाटतं तो तसाच उभा राहिला असता. खोटा आकडा सांगणारा म्हणवून घेण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं त्याला सोपं वाटत होतं का, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

तेवढ्यात फिदेन्सिओ उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बस करा. त्यानं कुणाला काही दिलेलं नाही. दोरी माझ्या हातात होती. पाच आठवड्यांत एकदाही दोन झटके आले नाहीत. पिशवी भरलीच नाही. तो खाली नुसता हातोडा मारतो, दिवसभर. दोरीतून मला हाताला लागतं." त्यानं तळहात पुढं केला, जणू तिथं काही दिसणार होतं. "माझा मेव्हणा मूर्ख आहे. चोर नाही."

सगळे थांबले. अध्यक्षांनी लिब्रादोकडे मान वळवली.

"मग लिब्रादो, खाली आहेत किती?"

"दोनशे बारा," लिब्रादो म्हणाला. "बाकीचे उपाशी मेले."

"आणि तू एकोणीसशे म्हणालास."

"म्हणालो."

"का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पेनाचं टोपण उघडत होतो. "मृत म्हटलं असतं तर तुम्ही पिंजरे घेऊन आला असता," तो म्हणाला. "पाच म्हाताऱ्या होत्या तिथं. आता अकरा झाल्यात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चोरीचा आरोप मागं घेतला. पण ज्यानं एकदा खोटा आकडा सांगितला त्याचा आकडा पुन्हा मागायचा नाही, असा ठराव झाला; आणि ज्याचा आकडा मागत नाहीत तो पाण्यात कशाला उतरेल? सूचक कोण, अनुमोदक कोण, ते इतिवृत्तात आहे. मी 'चालू' मधला १९०० खोडला आणि शेजारच्या रकान्यात २१२ लिहिलं. खाडाखोडीवर सही करायची पद्धत आहे. ती मी केली.

सोमवारी सकाळी सात होड्या पुल्पितोवर गेल्या. अबुलोन दोन दिवसांत संपले. परत आलेले सांगत होते की बहुतेक नुसत्या हातानं निघाले, पोकळ होते. फक्त रानाच्या त्या तुकड्यातले सत्तरएक घट्ट बसले होते. त्यांना पट्टी लागली. मग पिंजरे टाकले. पिंजऱ्यांच्या दोऱ्या सारगासोत अडकायला लागल्या तेव्हा त्यांनी सारगासो कापला.

मार्चमध्ये मी सभेपुढं लेखी सूचना ठेवली की तक्त्यात 'राखीव' असा तिसरा रकाना असावा. विषय महत्त्वाचा असल्यानं पुढच्या वर्षीच्या सभेत घ्यावा, असं ठरलं. पुढच्या वर्षी मी नसेन.

या हंगामात आमिषाची गाडी पुन्हा उशिरा येते. मासे हद्दीतूनच आणतात. परवा सकाळी मी शेडजवळून कार्यालयाकडं चाललो होतो. फिदेन्सिओ, जो आता दुसऱ्या होडीवर दोरी धरतो, टब घेऊन आला. त्यानं तो लिब्रादोच्या पुढ्यात ठेवला.

"पुल्पितोचे आहेत," तो म्हणाला. मान वर केली नाही. "मी नाही मारले."

"कुणीतरी मारणारच," लिब्रादो म्हणाला. "ठेव."

फिदेन्सिओ थोडा घुटमळला. "बहीण बरी आहे ना?"

"तूच ये विचारायला."

"येईन," म्हणून तो गेला.

टबात वर बांगडे होते. लिब्रादोनं ते बाजूला सारले. खाली चार म्हाताऱ्या, वीतभर लांब, गुलाबी, हनुवट्या पांढऱ्या. त्यानं पहिली ओंडक्यावर घेतली. आमिषासाठी पोट उघडावं लागत नाही. नुसते आडवे तुकडे करायचे. त्यानं पोट उघडलं. आतडं बाजूला काढून सुरीच्या टोकानं चिरलं आणि आत जे होतं ते अंगठ्यानं ओंडक्यावर पसरलं. जांभळ्या कवचाचा चुरा, आणि बारीक, मोडलेले काटे.

"बघ, कोंपाद्रे," तो म्हणाला. "कामावर होती."

मी बघितलं. त्यानं तो चुरा ओल्या हातानं ओंडक्यावरून पुसला, मासळीचे चार तुकडे केले आणि टबात टाकले. मग दुसरी घेतली.